पाणपोई उजळली, पण नळाला पाणी?

मशीद बंदरच्या भातबाजारातली केशवजी नाईक यांच्या नावाची पाणपोई १८७६ ची. वर घड्याळ, खाली पाणी. विहार तलावाचं नळाचं पाणी मुंबईत १८६० मध्ये आलं आणि मग शेठ मंडळींनी नाक्यानाक्यावर पाणपोया बांधल्या. फोर्टातली रतनसी मुळजींची १८९४ ची, मुलाच्या स्मरणार्थ. कावसजी जहांगीर रेडीमनींनी तर एकट्यांनी चाळीस दिल्या.

आता या पाणपोयांच्या जीर्णोद्धाराच्या निविदांत दगड, रेलिंग, दिवे यांवरच सगळा भर असतो. स्पष्टच सांगतो, ज्या पाणपोईला पाणी नाही तिच्यावर दिवे लावणं म्हणजे उधळपट्टी.

दगडात नेहमीचा घोळ सिमेंटचा. सांधे सिमेंटने भरले की ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, दगडातूनच वाट काढते. क्षार पृष्ठभागामागे साठून फुलतात आणि नक्षीच्या खपल्या पडतात. मऊ पोरबंदरी दगडाचं नुकसान आधी होतं. ते सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढायचं. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा गेल्याच. सांधा रुंदीच्या किमान दुप्पट खोल मोकळा करायचा, पाणी शिंपडायचं, मग एक भाग मुरवलेला चुना आणि अडीच-तीन भाग चाळलेली वाळू. वरून ओलं गोणपाट, निदान आठवडाभर. मुंबईच्या उन्हात हेच नेमकं टाळलं जातं आणि चुना भुगा होऊन गळतो. आतल्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या असतील तर त्या काढून ३१६ ग्रेडचं, म्हणजे खाऱ्या हवेतही सहसा न गंजणारं स्टेनलेस स्टील बसवा, नाहीतर दगड पुन्हा तडकणार. ऑइल पेंट रसायनाने आणि नायलॉनच्या ब्रशने उतरवा. सँडब्लास्टिंग, म्हणजे दाबाने वाळूचा मारा? अजिबात नको.

आता प्लंबिंग. पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळेतच येतं, म्हणून टाकी हवीच. पंप आणि फिल्टरही. नवी पाइप जुन्या खाचेतूनच न्या, दगड फोडू नका. नळ आपोआप बंद होणारे, स्टीलचे. पितळेचे चोरीला जातात. निचऱ्याची जाळी काढता येईल अशीच बसवा, कारण गुटख्याच्या पुड्या अडकून पाणी तुंबतं आणि तीच ओल पायथ्याला चढते. पाणी निर्जंतुक ठेवणारं क्लोरिन नळाशी पोचेपर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं.

आणि पाण्याचं मीटर, पंपाचं वीजबिल, टाकी धुणारा माणूस हे कोणाच्या खात्यावर, ते निविदेतच लिहून घ्या, किमान पाच वर्षांसाठी.