काही राहिलं नाही ना?

आधीच सांगते, खाली खुनी कोण ते येणार आहे. पुस्तक ॲगाथा ख्रिस्तीचं, १९२६चं, म्हणजे मला फार अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. तरी ज्यांनी 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' वाचलेलं नाही त्यांनी इथूनच कलटी मारा, पुस्तक मिळवा, दोन रात्री जागा आणि मग भांडायला या.

काल रात्री, डेव्हिड सुशे गुप्तहेर पॉयरो झालाय त्या टीव्ही मालिकेतला याच पुस्तकावरचा भाग तिसऱ्यांदा पाहिला. जानेवारी २०००मध्ये लागलेला, पटकथा क्लाइव्ह एक्स्टनची. तिसऱ्यांदा अशासाठी की दर वेळी वाटतं, मागच्या खेपेला आपणच जरा जास्त चिडलो होतो. तर नाही. चीड तेवढीच आहे.

सुशेबद्दल ब्र काढणार नाही. तो माणूस नुसता चालत आला तरी मी बघत बसते. किंग्ज ॲबट गाव म्हणून कॅसल कूम दाखवलंय, तेही इतकं देखणं की तिथे कुणी कुणाला ब्लॅकमेल करत असेल हे खरं वाटू नये. निवृत्त होऊन भोपळे लावत बसलेला पॉयरोही झकास. माझं दुखणं वेगळंच आहे.

पुस्तकात गोष्ट सांगतो गावचा डॉक्टर, शेपर्ड. शांत, किंचित तिरकस, आपला वाटणारा. पॉयरोचा नेहमीचा जोडीदार हेस्टिंग्ज तेव्हा अर्जेंटिनात, त्यामुळे पॉयरोच्या शेजारची जागा रिकामी आणि डॉक्टर अलगद तिथे जाऊन बसतो. पॉयरो स्वतःच त्याला हेस्टिंग्जच्या जागी धरतो, मग आपण कोण शंका घेणारे? आणि खून त्यानेच केलेला असतो.

तो खोटं कुठे बोलतो हे शोधायला मी कॉलेजात असताना रात्री दीड वाजता पानं उलटी चाळली होती. महत्त्वाच्या जागी तो खोटं बोलतच नाही! ॲक्रॉइडच्या अभ्यासिकेत नऊला वीस कमी असताना पत्रं येतात. नऊला दहा कमी असताना डॉक्टर निघतो, ब्लॅकमेल करणाऱ्याचं नाव असलेलं पत्र ॲक्रॉइडने अजून पुरतं वाचलेलं नाही. दाराच्या मुठीवर हात ठेवून डॉक्टर एकदा मागे बघतो, काही करायचं राहिलं तर नाही ना. बस. घराला कुलूप लावताना आपण गॅस, नळ, गीझर आठवतो ना, अगदी त्याच सुरात. मधल्या दहा मिनिटांबद्दल चकार शब्द नाही, आणि त्याच दहा मिनिटांत ट्युनिसचा खंजीर ॲक्रॉइडच्या मानेत गेलेला असतो. सगळं पुस्तक त्या न लिहिलेल्या दहा मिनिटांवर उभं आहे.

आता टीव्हीवाल्यांनी काय केलं? डॉक्टरकडून गोष्टच काढून घेतली. त्याची वही आहे, पण ती वाचून दाखवतो पॉयरो. शब्द खुन्याचे आणि आवाज गुप्तहेराचा! हेस्टिंग्जच्या रिकाम्या खुर्चीत पुस्तकात नसलेल्या पोलीस इन्स्पेक्टर जॅपला आणून बसवलं. म्हणजे डॉक्टर उरला चार संशयितांतला पाचवा. तेवढ्याने भागेना म्हणून त्याच्याकडून गाडीखाली बटलर चिरडवला आणि शेवटी पाठलाग, गोळीबार. पुस्तकातल्या डॉक्टरला कसली घाईच नाही. शेवटच्या प्रकरणात पहाटेचे पाच वाजलेत, लिहून लिहून हात दुखतोय आणि काळजी एकच, बहिणीला हे कळू नये. हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता. त्या गोळीबारात मी पाणी प्यायला उठले.

ती बहीण, कॅरोलाइन, हे तर या पुस्तकातलं सोनं. घराबाहेर न पडता गावभरची बातमी तिला डॉक्टरच्या आधी. पहिल्याच प्रकरणात मिसेस फेरर्स गेल्याचं ती ऐकते कुणाकडून? मोलकरणीकडून, मोलकरणीला दूधवाल्याने सांगितलेलं, दूधवाल्याला फेरर्सच्या स्वयंपाकिणीने. डॉक्टर म्हणतो, हिच्या मानचिन्हावर मुंगूस हवं. आमच्या आत्याला मी हे वाचून दाखवलं होतं. तिला राग आला नाही, तिने दूधवाल्याचं नाव विचारलं. ख्रिस्तीबाईंची दुसरी गुप्तहेर, म्हातारी मिस मार्पल, बहुधा या कॅरोलाइनमधूनच आली असं बाईंनीच आत्मचरित्रात म्हटलंय. आणि तरी १९२८मध्ये यावर 'अलिबाय' नाटक आलं तेव्हा तिला काढून तिच्या जागी तरुण, सुंदर मुलगी घातली होती. बाईंना ते फार लागलं. टीव्हीने तिला निदान ठेवलंय, पण भाऊच फिका पडल्यावर ती एकटी काय करणार?

"पडद्यावर हे जमणारच नाही" असं कुणीतरी म्हणेल, म्हणून आधीच सांगते. रशियनांनी २००२मध्ये पाच भागांत मूळ गोष्टीला धरून केलं. जपानात कोकी मितानी यांनी २०१८मध्ये सगळी गोष्टच जपानी गावात नेली आणि डॉक्टरला गुप्तहेराच्या शेजारीच ठेवलं. जमतं. त्यासाठी प्रेक्षकाला आधी डॉक्टरवर जीव लावू द्यावा लागतो, एवढंच.

काल सोबत लेक होती. सतरा वर्षांची, पुस्तक न वाचलेली. खुनी कळला तेव्हा मी टीव्ही सोडून तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, "अच्छा, हा होता का," आणि ताट उचलून आत गेली.

माझी प्रत कपाटात पुढच्याच रांगेत होती. आधी ती तिच्या हातात द्यायची तेवढी राहिली.