‘कोणताही ट्रेड चालेल, थेट जर्मनी’ : या मेसेजमधलं खरं किती?

आयटीआयच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरणारा एक मेसेज आता आमच्या भाच्यापर्यंत पोचलाय. तो वेल्डर आहे आणि घरात पैशांची जुळवाजुळवही सुरू झालीय. मेसेज असा : ‘जर्मनीचा चान्सेनकार्ड वर्क व्हिसा. कोणताही ट्रेड चालेल. जर्मन भाषेची गरज नाही. बँक बॅलन्स आम्ही दाखवू. एका वर्षात पीआर. भारतीयांसाठी ९०,००० जागा. फी साडेतीन लाख, निम्मी आधी.’

चान्सेनकार्ड म्हणजे जर्मनीत जाऊन नोकरी शोधण्यासाठी गुणांवर मिळणारा परवाना. मेसेजमधलं ‘कोणताही ट्रेड’ हे सगळ्यात घातक, म्हणून आधी तेच. जर्मन सरकारच्या ‘मेक इट इन जर्मनी’ संकेतस्थळावर अट स्पष्ट दिली आहे : परदेशात घेतलेलं व्यवसायशिक्षण किमान दोन वर्षांचं आणि त्या देशात सरकारमान्य हवं. आपल्याकडे इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर आणि प्लंबर एकाच वर्षाचे. म्हणजे वेल्डर गुण मोजायच्या आधीच बाहेर. अनुभवाला गुण मिळतात, पण त्याने शिक्षणाची दोन वर्षं भरून निघत नाहीत. अशा मुलाला सरळ रस्ता उरतो तो आउसबिल्डुंगचा, म्हणजे तिथल्या शिकाऊ उमेदवारीचा : साधारण बी१ जर्मन (भाषेच्या पायऱ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१ अशा चढत जातात), तिथल्या कंपनीशी करार, आणि विद्यावेतनावर तीन-साडेतीन वर्षं पुन्हा शिकणं. हे कुठला एजंट सांगतो?

दोन वर्षांच्या ट्रेडवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. शिक्षण सरकारमान्य आहे याचा दाखला जर्मनीतल्या झेडएबी या संस्थेकडून आणावा लागतो. मग कार्डासाठी किमान सहा गुण हवेत. पंचविशीतल्या इलेक्ट्रिशियनचं गणित मांडू. वय पस्तिशीच्या आत, २ गुण. शिक्षणानंतर गेल्या पाच वर्षांत त्याच कामाचा दोन वर्षांचा अनुभव, २ गुण. झाले चार. उरलेले दोन बहुतेकांना बी१ जर्मननेच मिळतात. गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव असेल तर ३ गुण, मग ए२ वर भागतं.

भाषेबाबत अर्धसत्य आहे, तेवढं मान्य करावं लागेल : किमान अट ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी अशी आहे. पण इंग्रजीला गुण मिळतो तो सी१ पासून, आणि तोही एकच. शिवाय साइटवरचा फोरमन इंग्रजीत बोलेल, या भरवशावर कोणी विमानात बसू नये.

ज्यांना खरंच जायचं आहे त्यांनी आपल्या प्रमाणपत्राची जर्मन शिक्षणाशी समतुल्यता तपासून घ्यावी. औद्योगिक ट्रेडसाठी न्यूरेम्बर्गची आयएचके फोसा ही संस्था, कारागिरी व्यवसायांसाठी त्या भागातलं हांडवेर्क्सकामर, म्हणजे कारागिरांचं मंडळ. आयएचके फोसाची फी १०० ते ६०० युरो. अंशतः मान्यता मिळाली तरी थेट ४ गुण. इथे अर्ज अडकतो तो अनुभवपत्रावर. ‘इलेक्ट्रिशियन म्हणून काम केले’ या एका ओळीतून तिथल्या माणसाला काहीच कळत नाही. पॅनेल वायरिंग, अर्थिंग टेस्ट, मोटर कंट्रोल, कोणतं काम किती काळ केलं हे लेटरहेडवर तारखांसह हवं.

‘वर्क व्हिसा’ म्हणाल तर हे कार्ड नोकरी शोधण्यासाठी आहे, जास्तीत जास्त एक वर्षाचं. तोवर आठवड्याला २० तास काम आणि एका मालकाकडे दोन आठवड्यांची चाचणी, एवढीच मुभा. नोकरी मिळाली की परवाना वेगळा. पीआर, म्हणजे कायम वास्तव्य, त्या कुशल कामगाराच्या परवान्यावर तीन वर्षं काढल्यावर, ३६ महिन्यांचं पेन्शन अंशदान आणि बी१ सकट. कार्डाचं वर्ष त्यात धरत नाहीत.

‘९०,०००’ हा आकडा हवेतला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल मनुष्यबळासाठी वर्षाला २०,००० वरून ९०,००० व्हिसांची तयारी दाखवली. पण ते व्हिसा आहेत, राखून ठेवलेल्या नोकऱ्या नव्हेत, आणि संगणक अभियंतेही त्याच रांगेत आहेत.

बँक बॅलन्स कोणी ‘दाखवून’ चालत नाही. राहण्या-खाण्यासाठी स्वतःकडे पैसे आहेत हे सिद्ध करावं लागतं : २०२५ च्या दराने महिन्याला १,०९१ युरो, वर्षाचे १३,०९२. युरो शंभर रुपये धरला तर तेरा लाखांवर. ते सहसा ब्लॉक खात्यात अडकतात आणि महिन्याच्या हप्त्यानेच सुटतात.

राहिली फी. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर त्याचं नाव आहे का बघा. नसेल, तर साडेतीन लाखांतली निम्मी रक्कम ‘आधी’ का हवी आहे, हे त्यालाच विचारा.