वादळानंतर छप्पर सगळ्यात शेवटी

कोकणात वादळ सरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं गाव छपरावर दिसतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गुजरातकडे सरकलं. दोन्ही वेळा पावसाळा तोंडावर होता, त्यामुळे छपराची घाई समजू शकते. तरी माझं मत ठाम आहे: पहिला दिवस पाहणीचा. चढायचं सगळ्यात शेवटी.

आधी वायरी. घराभोवती फेरी मारायची ती पायाखाली आणि वर दोन्हीकडे बघत, आणि साठलेल्या पाण्यात पाय न घालता. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर तुटून पत्र्यावर, कुंपणावर किंवा कपडे वाळत घालायच्या तारेवर पडली असेल, तर ते सगळंच जिवंत धरायचं. गावात वीज नाही म्हणून तार मेलेली आहे असं होत नाही. कुणी चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) न बसवता जनरेटर जोडला असेल, तर बंद लाइनमध्ये उलटी वीज येते. अशा तारेपासून लांब राहायचं, मुलं-गुरं आवरायची आणि १९१२ ला कळवायचं. काठीने तार बाजूला करण्याचा पराक्रम नको, ओली काठीही वीज नेते.

आत जाताना गॅसचा वास येतोय का बघा. येत असेल तर एकही बटण दाबू नका, दारं-खिडक्या उघडा, जमलं तर रेग्युलेटर बंद करा आणि बाहेरून १९०६ ला फोन करा. नसेल तर कोरड्या जागेवर उभं राहून मेन स्विच बंद. इन्व्हर्टर वेगळा बंद करावा लागतो, हे बरेच जण विसरतात. सोलर पॅनेलवर ऊन पडलं की वायरींत वीज असतेच, म्हणून फुटक्या पॅनेलला हात लावायचा नाही.

आता कुणी फारसं न सांगणारी गोष्ट: खरा धोका वीज परत येते तेव्हा असतो. वादळात कधी कधी लाइनचा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटतो आणि तिन्ही फेज (वीज आणणाऱ्या तारा) शाबूत राहतात. मग २३० च्या जागी घरात ३०० च्या वर, टोकाला ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. फ्रिज, पंप, टीव्ही एका दमात जळतात आणि लोक म्हणतात, ‘लाइटचा झटका आला.’ म्हणून सगळे प्लग काढा, सगळे एमसीबी (बोर्डावरचे खटके) खाली करा, मग मेन चालू करून इलेक्ट्रिशियनकडून मीटरने व्होल्टेज तपासून घ्या. २०७ ते २५३ च्या बाहेर असेल तर मेन पुन्हा बंद. नुसता एलईडी बल्ब लावून अंदाज घेऊ नका, दाब बराच कमी-जास्त झाला तरी त्यातले पुष्कळ सारखाच उजेड देतात. आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा खटका) पुन्हा पुन्हा पडत असेल तर कुठेतरी बोर्ड ओला असावा, बहुधा पडवीतला. खटका दाबून धरू नका, बोर्ड सुकू द्या.

छपराची पाहणी आतून, भर दुपारी करा. उजेड कुठून येतो ते दिसतंच, पण त्याहून महत्त्वाची जागा म्हणजे वासा भिंतीवर टेकतो ती. तिथे धुरकट जुन्या लाकडाला लागून बोटभर फिकट, स्वच्छ पट्टा दिसला, तर वासा सरकलाय. वरची कौलं जागच्या जागी असली तरी त्या वाशाखाली झोपू नका.

पत्र्यांचं दुखणं वेगळं. वारा पत्रा वर खेचतो आणि ही ओढ कडेला, कोपऱ्यांत आणि पागोळीला सगळ्यात जास्त असते. पत्रा उडाला नाही म्हणून सुटलो असं नाही. स्क्रूभोवतीचं गोल भोक लांबट झालंय का, रबरी वायसर चिरलाय का, हे शिडीवरून बघा. लांबट भोकात नवा स्क्रू मारून उपयोग नाही, तो पुढच्या वाऱ्यात सुटणारच. जागा बदलून मारा आणि कडेच्या ओळीत पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर मारा. एक सोडून एक मारून वाचवलेले पैसे वादळात व्याजासकट जातात. सिमेंटच्या पत्र्यावर पायच ठेवायचा नाही. त्याला आधी बारीक तडा गेलेला असतो आणि माणूस थेट खाली येतो. अशा पत्र्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक तंतू) असतं, तुकडे ओले करून उचला, करवत लावू नका.

छप्पर गेलं असेल तर आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीपासून लांब राहा. तिला वरून धरून ठेवणारं आता काही नाही. जांभ्याचे चिरे मातीत रचलेले असतील तर भिजून ती आणखी सैल होते. दोन दिवसांनी शांत हवेत कोसळू शकते. ओळंबा सोडून बघा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, काडी शिरेल एवढी भेग दिसली तर दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख घाला. भेग खुणेपुढे गेली तर खोली रिकामी करा आणि इंजिनिअर किंवा अनुभवी गवंड्याला दाखवा.

छपरावर माड किंवा आंबा पडला असेल तर कोयता घेऊन मधूनच सुरुवात करू नका. दबलेलं खोड सुटताना उसळतं. हे काम झाडं तोडणाऱ्यांचं.

आवराआवर करण्याआधी फोटो काढा: आधी चारही बाजूंनी अख्खं घर, मग टेप लावून जवळून. किती पत्रे, किती फुटी, किती कौलं, हे वहीत लिहा. सरकारी मदतीच्या निकषांत अंशतः पडझडीसाठी किमान १५ टक्के नुकसान लागतं आणि तलाठी येईपर्यंत तुम्ही अंगण झाडून मोकळे झालेले असता. पंचनामा होईपर्यंत तुकडे एका कोपऱ्यात राहू द्या. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा. ताडपत्री मात्र लगेच लागते. ती शांत हवेत, दोघांनी मिळून, आढ्यावरून दोन्ही बाजूंना उतरेल अशी दोरीने ओढून खाली पक्क्या खांबांना बांधा. वर दगड ठेवू नका.