चालू कॉम्प्युटर बंद कसा पाडावा

घरातला कॉम्प्युटर व्यवस्थित चालू आहे, ही परिस्थिती फार काळ चालू देऊ नये. २०१३च्या दिवाळीत घेतलेला, आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. बटण दाबून चहा टाकावा. चहा गाळेपर्यंत डेस्कटॉप दिसतो, पिऊन होईपर्यंत माऊस हलायला लागतो. वीजबिल भरलं जातं, सोसायटीचा जमाखर्च निघतो, दुपारी आजोबांचा पत्त्यांचा डाव लागतो. कुणाची काही तक्रार नाही. अशा वेळी तुम्ही स्वस्थ बसलात तर घरचा कर्ता म्हणून तुमचा उपयोग काय?

निमित्त शोधायला लांब जावं लागत नाही. त्यावर चालणाऱ्या विंडोज १०चा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तीच विंडोज २०१५ साली आली तेव्हा ‘ही शेवटची आवृत्ती’ असं मायक्रोसॉफ्ट कंपनीच्याच एका माणसानं भर परिषदेत सांगितलं होतं. कविसंमेलनात ‘आता शेवटची’ म्हणणाऱ्या कवीवर ज्यांचा विश्वास बसतो, त्यांचा त्यावरही बसला.

तर पहिलं काम म्हणजे नवी विंडोज ११ चालेल का, याची कॉम्प्युटरची तपासणी. त्यासाठी ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचा मोफत प्रोग्रॅम मिळतो. तो रॅम बघतो : ४ जीबी, चालेल. डिस्क बघतो : ६४ जीबी हवी, आपली भरपूर. मग विचारतो, टीपीएम २.० आहे का? ही मदरबोर्डवरची गुप्त किल्ल्या सांभाळणारी चिप. ती नाही. प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे का? आपला तिसऱ्या. झालं, नापास. पेन्शनर स्वतःच्या पायांनी तीन जिने चढून साहेबांसमोर उभा राहावा आणि साहेबांनी म्हणावं, ‘ते ठीक आहे, पण हयातीचा दाखला कुठाय?’ तसलाच हा प्रकार. आठवी पिढी बाजारात आली २०१७ साली, म्हणजे त्याच वर्षाच्या सुरुवातीला ज्यांनी हौसेनं सातवी घेतली, त्यांचं नवंकोरं यंत्र चार वर्षांत, विंडोज ११ आली तेव्हा, म्हातारं ठरलं. तुम्ही निदान एकटे नाही.

घाबरट लोकांसाठी मुदतवाढ आहे. ३० डॉलर भरा, नाहीतर कंपनीचे १००० रिवॉर्ड पॉइंट द्या, नाहीतर आपली सेटिंग्ज कंपनीच्या खात्यात जमा करा, की १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेचे अपडेट येत राहतात. पण मुदतवाढ घेतली की काम पुढे जातं, आणि आपल्याला तर ते बिघडवायचंय.

म्हणून भाच्याला बोलवावं. प्रत्येक घराला एक भाचा असतो. तो इंजिनिअरिंगच्या कुठल्याही शाखेला असला तरी चालतो, सिव्हिल उत्तम. तो रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या वहीत, एक नोंद घालून टीपीएमची अट टाळतो. पत्रिकेत मंगळ निघाला की गुरुजी तोडगा काढतात, त्याच सहजतेनं. मुहूर्त गुरुवारचा धरावा, कारण पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट जायची ती बहुधा गुरुवारीच. यूपीएसची बॅटरी केव्हाच गेलेली असते, तो फक्त ओरडतो. मुलीचा प्रवेशअर्ज भरायची शेवटची तारीख शुक्रवार असेल तर दुधात साखर.

बॅकअप घेऊ नये. ‘मामा, डी ड्राइव्हला मी हात लावत नाही’ हे भाच्याचं वाक्य पुरेसं आहे.

मग पडद्यावर ते गोल फिरू लागतं आणि खाली टक्के. ३० टक्क्यांपर्यंत भाचा पोहे खातो. ६१वर तासभर काही हलत नाही. या काळात आईनं ‘बंद करून चालू करून बघ ना’ असं चार वेळा म्हणायचं असतं, आणि आपण चारही वेळा तिच्यावर खेकसायचं. ९०च्या पुढे भाच्याची शेवटची बस असते.

रात्री साडेअकराला विंडोज ११ उघडते. मेनूचं बटण डावा कोपरा सोडून मधे आलेलं दिसतं. एवढ्यासाठी का होईना, दिवस सार्थकी लागतो. कोण किती राबतंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून बघा, डिस्क १०० टक्के कामात. हार्ड डिस्क आतून सुपारी कातरल्यासारखी कुरकुरते. आता चहाऐवजी कुकर लावायला हरकत नाही. कुणी म्हणेल, ‘हार्ड डिस्कऐवजी वेगवान एसएसडी टाक, निम्मं दुखणं पळेल’, किंवा ‘विंडोजऐवजी मोफतचं लिनक्स मिंट टाक, याच यंत्रावर पळेल.’ असल्या माणसांना घरात घेऊ नये. त्यांच्यामुळे प्रश्न सुटतात.

सोसायटीचा अहवाल उघडाल तर अक्षरांचा पत्ता नसेल. तो युनिकोडपूर्व काळातल्या, म्हणजे तोच फॉन्ट असेल तरच मराठी दिसणाऱ्या, फॉन्टमध्ये टाइप केलेला, आणि फॉन्ट राहिला सी ड्राइव्हवर, जो भाच्यानं पुसला. ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी डोक्यावर टोप्या आणि टिंबं घेतलेली युरोपियन अक्षरं रांगेत उभी. सेक्रेटरींना तीच प्रिंट द्या. तेवढ्यासाठी प्रिंटर मात्र चालायला हवा, आणि त्याला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, नव्या विंडोजला सापडत नाही.

एवढ्यावर भागलं नाही तर कॅबिनेट उघडून धूळ झाडावी. झाडताना मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल निसटतो आणि सोफ्याखाली जातो. तो शोधू नये. कॉम्प्युटर सुरू केला की तारीख येते १ जानेवारी २०१३. त्या तारखेला मुलीच्या अर्जाची वेबसाइट उघडत नाही, कारण वेबसाइटचं सुरक्षा-प्रमाणपत्र त्या तारखेला अजून जन्मालाच यायचंय. बाकी मात्र सगळं छान असतं. विंडोज एक्सपीलासुद्धा सव्वा वर्ष आयुष्य शिल्लक, आणि हा कॉम्प्युटर तर अजून विकतसुद्धा घेतलेला नाही. आजोबा येऊन बसतात, पत्ते उघडतात, एक जाहिरात पूर्ण बघतात आणि विचारतात, ‘अरे, काय दुरुस्त केलंत?’