सशाचा मफलर

आमच्या आमटीत एखाद वेळी कढीपत्ता नसतो, पण सशाचा केस असतोच.

मिनेसोटात जानेवारीत पारा उणे २०च्याही खाली जातो. अशाच एका जानेवारीत मला साक्षात्कार झाला की अंगोरा लोकर मेंढीच्या लोकरीपेक्षा कितीतरी ऊबदार असते आणि तिचा ससा घरात पाळता येतो. साक्षात्काराचं बरं असतं, झाडू मारायला तो थांबत नाही.

इंग्लिश अंगोराची जोडी आणली. भाकरी आणि पिठलं. पिठल्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे व्याकरणही बरोबर आहे. वजन जेमतेम ३ किलो, पण दिसायला सोफ्यावरची उशी. सासरे आले होते तेव्हा पिठल्यावर बसता बसता राहिले.

दर तीन-चार महिन्यांनी लोकर सुटायला लागते. ती वेळेवर उपटून घ्यायची, नाहीतर ससा अंग चाटताना गिळतो. आणि सशाला उलटी होत नाही! पोटात बोळा बसला की जिवाशी खेळ. त्यावर उपाय एकच, रात्रंदिवस गवत. "सांगलीहून अमेरिकेत गेलीस ती वैरण घालायला," असं आई म्हणते.

उपटायचं म्हणजे भाकरीला मांडीवर घ्यायचं, डाव्या हाताने कातडी हलकेच दाबून धरायची आणि सुटलेली बट चिमटीत धरून ओढायची. बट खाली पडत नाही, तरंगते. या कामात शिंकायचं नाही. मी एकदा शिंकले. पाऊण तासाची कमाई छताच्या पंख्यावर जाऊन बसली. नवऱ्याच्या काळ्या कोटाबद्दल आता आम्ही बोलतच नाही.

कातायला आईची शाळेतली टकळी मागवली. आईची शिकवणी व्हिडिओ कॉलवर: "पेळू सैल धर. आधी पीळ, मग ओढ. अगं, टकळी हाताने चालव म्हटलं, तोंडाने नाही!" पण अंगोराचा केस इतका तलम आणि गुळगुळीत की पीळ पडायच्या आत निसटतो. शेवटी निम्मी मेरिनो मेंढीची लोकर मिसळली, तेव्हा कुठे धागा धागा म्हणण्यासारखा झाला.

उन्हाळ्यात वेगळीच तऱ्हा. पारा २५च्या वर गेला की सशांना धाप लागते. म्हणून जुलैत एसी फुल, सशांच्या कुशीत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि आम्ही दोघं स्वेटरमध्ये. मेंढीच्या.

सव्वा वर्षाने मफलर झाला. नवरा तो घालून बर्फ उपसून आला, मान घामेजली म्हणाला (माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी दाद) आणि मफलर सोफ्यावर टाकून अंघोळीला गेला. मी चहा घेऊन आले तोवर भाकरीने एक टोक चार बोटं खाल्लं होतं.

मफलर गेला चुलीत. उलटी होत नाही ना तिला! रात्रभर तिच्यापुढे गवत सारत जमिनीवर बसले. पहाटे पाचला तिने लेंड्या टाकल्या, स्वतःच्याच लोकरीत मण्यांसारख्या ओवलेल्या. मी त्या मोजल्या आणि सांगलीला फोन लावला.

"आई, सोळा!"