पाचही लाल!

जुन्या व्हॉल्व्ह अँपच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून (स्पीकरला जोडणाऱ्या) पाच वायरी बाहेर येतात आणि पाचही लाल? अरे, आधी दुरुस्त करणाऱ्या, कोण होतास रे तू? निळी-तपकिरी व्हॉल्व्हच्या प्लेटला, लाल बी प्लसला (म्हणजे उच्च व्होल्टेजच्या पुरवठ्याला), एवढं साधं अमेरिकन पद्धतीत कधीचं ठरलेलं आहे. या महाभागाने मूळ वायरी अर्ध्या इंचावर छाटल्या आणि पुढे घराच्या फिटिंगची उरलेली लाल वायर जोडली. सोल्डरचा डाग न देता! नुसतं पिळून वर काळी टेप. ती टेप आता काकवीसारखी पाझरतेय. बोटांना चिकटली, मीटरच्या टोकांना चिकटली, चहाच्या कपालाही चिकटली. काळी टेप शोधणाऱ्याला माझे तळतळाट लागोत.

मीटर धरून बसलो. अर्ध्या ओहमची जोडी म्हणजे स्पीकरची बाजू. उरलेल्या तिघींपैकी मधल्या टॅपपासून (बी प्लसच्या वायरीपासून) एकीकडे १६० ओहम, दुसरीकडे १८५. हा फरक बघून "वायंडिंग गेलंय साहेब" म्हणत नवा ट्रान्सफॉर्मर गळ्यात मारू पाहणारा तो बुधवार पेठेतला दुकानदार आठवला. बाहेरच्या थराला तार जास्त लागते, मालक! वर सल्ला काय, तर "ब्लूटूथवाला घ्या". घेतो हं.

तर जोडलं. ईएल ८४ व्हॉल्व्हची जोडी बसवली, स्पीकर लावला, बटण दाबलं. अँप असा किंचाळला की शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "कुकर विसरलात का हो?" म्हणजे प्लेटच्या वायरी उलट्या आणि फीडबॅक उफराटा, आवाज आवरायच्या ऐवजी वाढवणारा. दोनच शक्यता होत्या, त्यातली चुकीची माझ्याच वाट्याला येणार. सुपरमार्केटमध्ये मी उभा राहतो तीच रांग अडते, तसंच हे. आणि मी शहाणा, आवाज तपासायच्या आधीच सगळ्या जोडांवर तापवल्यावर आकसणारी प्लास्टिकची स्लीव्ह चढवून, तापवून, आवळून मोकळा झालेलो!

पुन्हा बंद. कपॅसिटरमधले तीनशे व्होल्ट उतरेपर्यंत हात मागे बांधून बसलो. मग स्लीव्ह कापताना प्लेटची एक वायरही कापली. नवी लावायला रात्री अकरा वाजता घरात कुठल्या रंगाची वायर निघावी?

बरं, असू दे लाल. मी निदान डाग तरी दिला.