‘अज्ञान की हेतू?’ : आगाशिववरील लेखाच्या प्रतिक्रियेला उत्तर

कराडजवळच्या आगाशिव डोंगरातील बौद्ध लेण्यांवरील ‘आगाशिवचे प्राचीन बौद्ध मंदिर’ या माझ्या लेखावर सांगलीच्या एका वाचकांनी सविस्तर प्रतिक्रिया लिहिली आहे. चैत्यगृहाला, म्हणजे आत स्तूप असलेल्या वंदनेच्या लेण्याला, मंदिर म्हणणे चूक आहे, शिलालेखातील दात्याचे नाव मी बिघडवले आहे, दाराशी कोरलेल्या चक्राचा आणि सिंहाचा अर्थ मी उत्तरकालीन ग्रंथांतून आणून चिकटवला आहे आणि लेण्यांच्या काळाबद्दल मोघम लिहिले आहे, असे त्यांचे आक्षेप आहेत. ते एवढ्यावर थांबले असते तर मी आभार मानून मोकळा झालो असतो. परंतु पहिल्या आक्षेपाच्या शेवटी त्यांनी एक वाक्य जोडले आहे : ‘लेण्याला मंदिर म्हणणे हे अज्ञान आहे की हेतू, हे लेखकानेच सांगावे.’

सांगतो. मात्र त्याआधी आपले जे बरोबर आहे ते मान्य करतो, कारण चूक कबूल करण्यात मला कधी कमीपणा वाटलेला नाही. लेण्यातील दानलेखात गोपाळाचा पुत्र संघमित्र याने लेणे दान दिल्याचे म्हटले आहे. माझ्या लेखात त्या नावाला एक काना जास्त पडला आणि त्याची ‘संघमित्रा’ झाली. त्यापुढे अशोकाच्या कन्येचे स्मरण करणारे जे वाक्य आले, ते त्या कान्याच्याच ओघात आले. दोन्ही काढले आहेत. ‘पुत्र हा शब्द समोर असताना दाता पुरुष आहे एवढेही कळू नये काय?’ असे आपण विचारता. कळत होते. टंकलेखनात काने पडतात, आपलेही कधी पडत असतील.

आता मंदिर. आपला हा आक्षेप मुळात एका वाक्याचा आहे : ज्या वास्तूत देवाची प्रतिष्ठापना नाही, जिथे भिक्षू वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातील मुक्कामात, राहत आणि स्तूपाला प्रदक्षिणा घालत, तिला मंदिर म्हणता येत नाही. हा विचार मला अपरिचित आहे असे आपण कशावरून गृहीत धरले? स्तूप हाच तेथील वंदनाचा विषय होता, तेथे मूळची बुद्धमूर्ती नाही, हे माझ्याच लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. तिथवर आपण पोहोचला असाल अशी आशा करतो.

कुडा (रायगड जिल्हा) आणि जुन्नर येथील लेण्यांच्या दानलेखांत चैत्यगृहाला ‘चेतियघर’ म्हटले आहे. चैत्याचे घर, एवढाच त्याचा अर्थ. आणि संस्कृतात मंदिर या शब्दाचाही पहिला अर्थ घर, निवास हाच आहे. देवाचा संबंध त्याला पुढे चिकटला, आणि तो अजूनही पुरता चिकटलेला नाही, नाहीतर गावोगाव विद्यामंदिरे निघाली नसती. आपल्याच सांगलीत विष्णुदास भावे यांच्या नावाचे नाट्यमंदिर आहे. तिथे जी घंटा होते ती तिसरी असते आणि ती पडदा उघडण्यासाठी असते. त्या इमारतीच्या नावात अज्ञान आहे की हेतू, हा प्रश्न आपण तिथल्या व्यवस्थापनाला विचारला असल्यास मला माहीत नाही.

हे झाले शब्दाचे. हेतूबद्दल बोलायचे तर मला थोडे घरातले सांगावे लागेल, आणि ते सांगायला आपणच भाग पाडले आहे. माझा जन्म कराडचा. श्रावणी सोमवारी आमची आजी डोंगरमाथ्यावरच्या महादेवाला जाताना आम्हा मुलांना जखिणवाडीच्या बाजूने चढवायची. वाटेवरच्या चैत्यगृहापाशी ती वहाणा दाराबाहेर काढून ठेवी, पदर डोक्यावर घेई आणि आतल्या स्तूपाला एक प्रदक्षिणा घाली. ओट्यातली दोन-चार कण्हेरीची फुले ती त्या दगडाच्या कडेला ठेवी. आत इतका गारवा असे की घामाने भिजलेला सदरा पाठीला चिकटून हुडहुडी भरे. छताशी कुंभारमाशीची मातीची घरटी असत आणि भिंतीवरून हात फिरवला की टाकीचे घाव बोटांना एकेक लागत. हा कोणता देव, असे मी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘ह्यो बी देवच हाय, पाया पड.’ ती वास्तू माझ्यासाठी देऊळ झाली ती तिथे. त्या बाईचा हेतू काय होता, हे आपणच सांगा.

‘गॅझेटिअर समोर ठेवून घरबसल्या लिहिलेला लेख’ असेही आपण म्हटले आहे. सातारा जिल्ह्याचे १८८५चे गॅझेटिअर माझ्याकडे आहे आणि मी ते वाचतो, यात लपवण्यासारखे काय आहे? परंतु माझे वडील शिक्षक होते. सुट्टीच्या दिवशी फितीचे एक टोक माझ्या हातात देऊन त्यांनी यातली कितीतरी लेणी मोजली आहेत. इथे साठहून अधिक लेणी आहेत, आणि त्यातली काही गाठताना गुडघे फुटतात. तुम्ही किती पाहिलीत, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठे आढळले नाही.

आपण लोहाऱ्याचे उदाहरण दिले आहे. वाईजवळच्या त्या लेण्यात स्तूपाची पिंड झाली आणि आज तो पालपेश्वर म्हणून पुजला जातो, म्हणजे आधी शब्द बदलतो आणि मागून मालकी बदलते, असे आपले म्हणणे. उदाहरण प्रभावी आहे हे मी नाकारत नाही. मात्र ज्याने कोणी ते केले, त्याने माझा लेख वाचलेला नव्हता.

ज्यांचे हे श्रद्धास्थान आहे त्यांच्या भावना माझ्या शीर्षकाने दुखावल्या असतील तर दिलगीर आहे. आपण भावनांचा उल्लेख केलेला नाही हे खरे, परंतु सूर तोच आहे. आमच्या गावाने बौद्ध वास्तूंना काय दिले ते मलाही ठाऊक आहे. भारहूतच्या स्तूपावर ‘करहकट’ नगराच्या दानाची नोंद आहे, आणि तिकडे कुड्याला करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने एक लेणे दान दिले आहे. करहाकड म्हणजे आमचे कराड. हे अभिमानाने लिहिणाऱ्या माणसाला आपण हेतू विचारता.

राहिले बाकीचे दोन. सिंह आणि चक्र यांची जोडी सारनाथच्या अशोकस्तंभावर इ.स.पू. ३ऱ्या शतकातच आहे, तेव्हा ती उत्तरकालीन नाही. त्या जोडीचा अर्थ कराडच्या कारागिराच्या मनात तोच होता कशावरून, हा आपला उपप्रश्न मी वाचला आहे, त्याबद्दल पुन्हा केव्हातरी. आणि ‘इसवी सनाच्या आगेमागची शतके’ हे मोघम नव्हे, त्याला सावध लिहिणे म्हणतात.

लेखाचे शीर्षक तेच राहील. पहिल्या परिच्छेदात ‘चैत्यगृह’ हा शब्द आता घातला आहे, पण तो आपण सुचवला म्हणून नव्हे. माझ्या कच्च्या खर्ड्यात तो होताच.